पहिल्या ओळीत काय लिहायचं

२०२५ सालच्या जुलैचे शेवटचे दिवस. आमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर एक नेट कॅफे आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, पॅनकार्ड, पीकविमा, रेल्वेचं तिकीट, सगळं तिथंच होतं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या फेरीचे पसंतीक्रम भरायची मुदत चालू होती, त्यामुळं बाकडं भरलेलं. मी सातबारा काढायला गेलो होतो.

माझ्यापुढं एक मुलगी आणि तिचे वडील होते. मुलीला सीईटीत ९६ पर्सेंटाइल. काउंटरवरच्या पोरानं स्क्रीनवरची नजर न काढता विचारलं, "ताई, कॉलेजं कोणती टाकू?" मुलीनं वडिलांकडं बघितलं. वडिलांनी पोराकडं बघितलं आणि म्हणाले, "तुम्हीच टाका की दादा, चांगलं बघून."

आणि दादानं टाकली. सकाळी एका मुलासाठी त्यानं बारा कॉलेजांची यादी केली होती. ती वहीत होतीच. तीच उतरवली, फक्त मुलीला लांब नको म्हणून तीस किलोमीटरवरचं कॉलेज उचलून पहिल्या ओळीत ठेवलं. ओटीपी विचारला, फॉर्म लॉक केला, प्रिंट काढली, पैसे घेतले. सगळं मिळून वीस मिनिटं. दोन वर्षांचा क्लास, पहाटेची अभ्यासिका, लातूरला खोली करून राहिलेली आई, हे सगळं त्या वीस मिनिटांत एका कागदावर आलं.

मी मध्ये बोललो नाही. ती माझ्या कॉलेजची नव्हती, मला कुणी विचारलं नव्हतं, आणि रिटायर झालेल्या मास्तरानं रस्त्यात शिकवायला लागू नये असं मला आपलं वाटतं. चार दिवसांनी यादी लागली. मुलीला पहिल्या ओळीतलं कॉलेज मिळालं. त्या वर्षीचा नियम असा होता की पहिल्या फेरीत पहिलाच पसंतीक्रम मिळाला, तर ती जागा आपोआप पक्की व्हायची. पुढच्या फेऱ्यांची वाट बंद. पुण्यातल्या निदान दोन बऱ्या कॉलेजांचे आदल्या वर्षीचे कटऑफ तिच्या पर्सेंटाइलच्या खाली होते. त्यातलं एक दादाच्या यादीत पाचव्या ओळीवर होतं. दुसरं यादीतच नव्हतं.

वडील पेढे घेऊन स्टँडवर भेटले. "सर, पहिल्याच फेरीत नंबर लागला." मी पेढा घेतला.

आपल्याकडं परीक्षेची तयारी करून घेणारे गल्लोगल्ली आहेत. 'लातूर पॅटर्न' हा शब्द तर महाराष्ट्रात कुठंही सांगावा लागत नाही. पण निकाल लागल्यापासून कॉलेजच्या दारात पाऊल ठेवेपर्यंतचे दोन-तीन महिने जी दुसरी परीक्षा चालते, तिचा क्लास कुणी घेत नाही. तिचा अभ्यासक्रम माहिती पुस्तिकेत असतो आणि ती पुस्तिका कुणी उघडत नाही. शहरातल्या मुलाचा चुलतभाऊ किंवा मामा इंजिनिअर असतो, शेजारची ताई डॉक्टर असते. त्यांच्या घरात ही परीक्षा जेवता-जेवता पार पडते. ज्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी बारावीच्या पुढं चाललंय, तिथं नेट कॅफेतला दादा हाच मामा.

दादाला मी दोष देत नाही. त्यानं कागद नीट भरला, एकही चूक केली नाही. चूक यादीत होती, आणि यादी करायचं काम त्याचं नव्हतंच.

आधी ते ९६ काय असतं, ते बघू. पेढे देताना वडील "९६ टक्के" म्हणाले होते. ते टक्के नव्हेत. सीईटी अनेक दिवस, अनेक सत्रांत संगणकावर होते. प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी, त्यामुळं एखाद्याला सोपी आणि एखाद्याला अवघड येणारच. म्हणून थेट गुणांची तुलना न करता, आपल्या सत्रातल्या किती मुलांच्या बरोबरीनं किंवा पुढं आपण आहोत, ते मोजतात. ९६ पर्सेंटाइल म्हणजे शंभरातली ९६ मुलं आपल्या बरोबर किंवा मागं. ऐकायला छान वाटतं. पण पीसीएम गटाला चार लाखांहून जास्त मुलं बसतात. चार लाखांचे चार टक्के म्हणजे सोळा हजार. सोळा हजार मुलं पुढं आहेत हे कळलं की घरात थोडा वेळ शांतता पसरते, आणि ती शांतता चांगली असते, कारण त्यानंतर माणसं यादीकडं नीट बघायला लागतात. वर गेल्यावर हेच पॉइंट आणखी महाग होतात. ९९ आणि ९९.५ यांच्यातला अर्धा पॉइंट म्हणजे दोन हजार मुलं.

आता कटऑफची पीडीएफ. दरवर्षी प्रत्येक फेरीनंतर सीईटी सेल ती जाहीर करतो. शेकडो पानं असतात, प्रत्येक कॉलेजची प्रत्येक शाखा, आणि त्याखाली इंग्रजी अक्षरांच्या पट्ट्या. या पट्ट्या बघितल्या की पालक मोबाईल परत पोराच्या हातात देतात. खरं तर त्या एसटीच्या पाटीपेक्षा अवघड नाहीत. जीओपीईएनएस घ्या. पहिलं जी म्हणजे सर्वसाधारण जागा. तिथं एल असेल तर मुलींसाठी राखीव. मधलं ओपन म्हणजे खुला प्रवर्ग. तिथं ओबीसी, एससी, एसटी, एनटी असं काही असू शकतं. शेवटचं अक्षर जागा कुणाच्या वाट्याची ते सांगतं. एच म्हणजे त्याच विद्यापीठाच्या क्षेत्रात शिकलेल्यांची, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठक्षेत्रातून येणाऱ्यांची, एस म्हणजे सगळ्या राज्याची. आमच्या नेट कॅफेतल्या मुलीनं पुण्यातल्या एखाद्या कॉलेजच्या एच पट्टीकडं बघायचं कारण नव्हतं. तिच्यासाठी ओ आणि एस, आणि त्याआधी एल. माझ्याकडं विचारायला येणाऱ्यांना हे समजून घ्यायला अर्धा तास लागतो. मुलींना वीस मिनिटं.

कॉलेजांनाही आकडे असतात. पूर्वीच्या पुस्तिकांत ६००६ म्हणजे पुण्याचं सीओईपी आणि ३०१२ म्हणजे माटुंग्याचं व्हीजेटीआय, हे प्रवेशाच्या धंद्यातल्या लोकांना टेलिफोन नंबरासारखं पाठ असायचं. कॉलेजचा आकडा आणि शाखेचा आकडा जोडून जो कोड होतो, तो चॉइस कोड. फॉर्ममध्ये हेच कोड भरायचे. तीनशेपर्यंत भरता येतात. तीनशे! आणि आमच्याकडची मुलं बारावर थांबतात, कारण कागदावर बाराच ओळी आखलेल्या असतात.

यादी कशी लावायची, यावर दरवर्षी तेच भांडण होतं. सगळ्यांच्या डोक्यात एक समजूत घट्ट बसलेली असते की मिळण्यासारखं वर लिहावं, नाहीतर हातचं जाईल. ही समजूत कुठून आली कळत नाही. बहुधा आपल्या सगळ्याच रांगांतून आली असावी. पण इथला संगणक तशी रांग लावत नाही. तो गुणवत्ता यादीतल्या पहिल्या मुलापासून सुरुवात करतो. ज्याची पाळी येते त्याची यादी पहिल्या ओळीपासून वाचतो. पहिली जागा शिल्लक आहे का? नाही. दुसरी? नाही. तिसरी आहे? दिली. मग पुढचा मुलगा. तुम्ही स्वप्नातलं कॉलेज पहिल्या ओळीत लिहिलं म्हणून तुमची पाळी मागं जात नाही, आणि गावाशेजारचं कॉलेज दहाव्या ओळीत आहे म्हणून ते तुमच्याहून खालच्या मुलाला आधी मिळत नाही. तुमची पाळी तुमच्या गुणांनी येते. यादी फक्त सांगते की पाळी आल्यावर तुम्हाला काय हवंय, कोणत्या क्रमानं. म्हणून यादी आवडीप्रमाणं लावायची. शक्यतेचा विचार यादी किती खाली न्यायची हे ठरवताना करायचा.

इथवर सगळी मुलं मान डोलावतात. मग मी २०२५ चा नियम सांगतो. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर जागा पक्की. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी काही मिळालं तरी पक्की. तिसरीत पहिल्या सहापैकी. चौथीत जे मिळेल ते. पक्की झालेली जागा घेतली नाही, तर त्या प्रक्रियेतून बाहेर. म्हणजे 'सुरक्षित' कॉलेज पहिल्या ओळीत टाकणाऱ्यानं स्वतःच्या हातानं दाराला कडी लावली. उलट, केवळ नाव मोठं म्हणून पहिल्या ओळीत टाकलेली नको असलेली शाखाही तशीच गळ्यात पडते. आधीच्या वर्षी हे असंच नव्हतं आणि पुढच्या वर्षी असेलच असंही नाही. म्हणून गेल्या वर्षी प्रवेश मिळवलेल्या मित्राचा सल्ला ऐकावा, चहा पाजावा, आणि मग या वर्षीची पुस्तिका उघडावी.

यादी तयार करायची माझी पद्धत साधी आहे. कार्डशीटचे तुकडे. प्रत्येकावर एक कॉलेज, एक शाखा, गेल्या वर्षीचा आपल्या पट्टीचा कटऑफ, फी, होस्टेल आहे की नाही, आणि घरापासून एसटीनं किती तास. ते जमिनीवर मांडायचे. आई-वडील, मुलगी, भाऊ, सगळे भोवती बसतात. मुलगी एकेक तुकडा वर-खाली सरकवते. "कॉम्प्युटर छोट्या कॉलेजात हवं, की मेकॅनिकल मोठ्या कॉलेजात?" हा प्रश्न तोंडी विचारला तर ती म्हणते, "सर, तुम्हीच सांगा." दोन तुकडे हातात दिले तर तिचा हात आपोआप एक वर ठेवतो. मग आई विचारते, "हे दोन तास लांबचं वरती कसं?" आणि खरी चर्चा तिथं सुरू होते. मी त्या वेळी पाणी प्यायला उठतो. मदत करणाऱ्याची सगळ्यात अवघड कसरत हीच आहे, आपली पसंती त्या यादीत शिरू द्यायची नाही. मी गणिताचा मास्तर. मला वाटतं की हुशार मुलीनं बीएस्सी गणित करावं, आयसरला जावं. म्हणून आयसरची, आयएसआयची (भारतीय सांख्यिकी संस्थेची) माहिती मी सांगतो, त्यांच्या प्रवेशपरीक्षा वेगळ्या आहेत आणि अर्ज आधी भरावे लागतात हेही सांगतो. पण तुकडा सरकवत नाही.

या सगळ्याच्या आधी येतात कागद. आणि कागदांचा विषय निघाला की मी जून विसरतो आणि अकरावीच्या दिवाळीबद्दल बोलायला लागतो.

जातीचा दाखला वेगळा आणि जात पडताळणी वेगळी, हे बारावीच्या निकालानंतर कळणारी घरं आजही आहेत. दाखला प्रांत ऑफिसातून मिळतो. पडताळणी जिल्ह्याची समिती करते, अनुसूचित जमातींसाठी समिती वेगळी. व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर प्रवेश हवा तर वैधता प्रमाणपत्र लागतं. त्याचा अर्ज अकरावी-बारावीत कॉलेजमार्फतच करायचा असतो: ऑनलाइन फॉर्म, कॉलेजचं पत्र, वंशावळीचं शपथपत्र म्हणजे नमुना ३, आणि माहिती खरी असल्याचं शपथपत्र म्हणजे नमुना १७. हे झालं सोपं. अवघड आहे पुरावा. तुमचे पूर्वज ठरलेल्या तारखेच्या आधीपासून याच जातीचे म्हणून आणि याच राज्यात नोंदलेले होते, हे दाखवायचं असतं. अनुसूचित जातींसाठी ती तारीख १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसी आणि विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७.

म्हणजे सतरा वर्षांच्या मुलाचा इंजिनिअरिंगचा प्रवेश त्याच्या आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरवर येऊन थांबतो. आजोबा शाळेतच गेले नसतील तर? मग चुलत आजोबा. तेही नसतील तर गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूची जुनी नोंद, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. मराठवाड्यात त्यापुढं आणखी एक भिंत: १९४८ पर्यंत निजामाचं राज्य, जुने कागद उर्दूत. पुण्याकडं मोडी वाचणारा शोधतात, आमच्याकडं उर्दू वाचणारा. वडिलांच्या बाजूच्या कुणाला, म्हणजे वडील, काका, आत्या, सख्खा चुलतभाऊ, आधी वैधता मिळालेली असेल तर वाट पुष्कळ सोपी होते. आईच्या बाजूची चालत नाही. म्हणून मी अकरावीच्या मुलांना दिवाळीच्या सुट्टीत एकच गृहपाठ देतो. भाऊबीजेला आत्या येईल, तेव्हा तिला विचारा, तुझ्या पोरांच्या नाही, तुझ्या स्वतःच्या नावाची व्हॅलिडिटी आहे का. गावातल्या म्हाताऱ्यांकडून वंशावळ लिहून घ्या, लग्नात नाही, निवांत बसून. आणि शाळेत जाऊन प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा मागा.

कधी समितीकडं अर्ज केल्याची पावती दाखवून प्रवेश मिळतो आणि प्रमाणपत्र आणून द्यायला नंतर मुदत मिळते. गेली काही वर्षं मुदतवाढीचे जीआर निघाले आहेत. पण त्या भरवशावर राहिलेली मुलं मुदत संपताना जिल्ह्याच्या ठिकाणी ज्या चेहऱ्यानं उभी असतात, तो चेहरा मी बघितलाय.

बाकीचे दाखले त्या मानानं किरकोळ, पण त्यांनाही खोडी आहेत. नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते. प्रवेश जून-जुलैत, त्यामुळं मार्चमध्ये संपणारा कागद फाईलमध्ये असून नसल्यासारखाच. केंद्राच्या प्रवेशांसाठी, म्हणजे आयआयटी, एनआयटी किंवा नीटचा अखिल भारतीय कोटा, ओबीसीचा कागद केंद्राच्या नमुन्यात आणि चालू आर्थिक वर्षातला लागतो. राज्याचा दाखला दाखवून भागत नाही. राज्यात एसईबीसी असलेल्या मुलाला केंद्राच्या यादीत तो प्रवर्गच नाही. आणि ईडब्ल्यूएस व नॉन-क्रिमीलेअर, दोन्हींची मर्यादा आठ लाख असली तरी मोजणी वेगळी. ईडब्ल्यूएसमध्ये शेती आणि पगार दोन्ही धरतात. क्रिमीलेअरच्या उत्पन्नाच्या मोजणीत शेतीचं आणि पगाराचं उत्पन्न धरत नाहीत, तिथं आई-वडिलांच्या पदाचा दर्जा वेगळा बघतात. हे माहीत नसल्यामुळं "आपण बसत नाही" म्हणून घरी बसलेले शिक्षक मला भेटले आहेत. शिक्षक!

नावाचं तर विचारूच नका. आधारवर 'ज्ञानेश्वर', बोर्डाच्या गुणपत्रिकेवर इंग्रजीत 'दन्यानेश्वर' होईल असं स्पेलिंग, आणि बँकेत 'माऊली'. दहावीची गुणपत्रिका हा मूळ कागद मानायचा आणि बाकी सगळं त्याच्याशी जुळवायचं. हे काम अकरावीत केलं तर एका दुपारचं, जूनमध्ये केलं तर पंधरवड्याचं.

एक धोका मात्र इतका मोठा आहे आणि इतका गुपचूप येतो की तो वेगळा सांगतो. आमच्या भागातून, उदगीर-देगलूर-नांदेडकडून, दहावी झाली की काही मुलं हैदराबादला जातात. कुणी कोट्याला. तिकडंच अकरावी-बारावी आणि नीटची तयारी एकत्र. मार्क चांगले येतात. मग महाराष्ट्राच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी अर्ज करताना कळतं की डोमिसाईलबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली हवी. बारावी तेलंगणातली. उरला १५ टक्क्यांचा अखिल भारतीय कोटा, म्हणजे सगळ्या देशाशी स्पर्धा. हा निर्णय बारावीनंतर सुधारता येत नाही. तो दहावीच्या उन्हाळ्यात, क्लासच्या प्रतिनिधीनं घरी येऊन चहा पिता-पिता घेतलेला असतो. ज्या मुलांचं गावच राज्याच्या हद्दीबाहेर आहे, त्यांचा प्रश्न निराळा. सीमाभागातल्या वादग्रस्त ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्राच्या व्यावसायिक प्रवेशांत स्वतंत्र तरतूद आहे, आणि तिचा दाखला वेगळा काढावा लागतो.

पैशांबद्दल दोनच गोष्टी. जुलै २०२४ च्या निर्णयानुसार आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, घेतलेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर माफी नाही. "कशाला फेऱ्यांच्या भानगडीत पडता, आमच्याकडं थेट सीट आहे" असं सांगणारा फोन जूनमध्ये येतोच. त्याला उत्तर देताना ही एक गोष्ट लक्षात असू द्यावी. दुसरी गोष्ट, माफ झालं म्हणजे फुकट झालं नाही. डेव्हलपमेंट फी, होस्टेल, मेस, लॅपटॉप हे उरतंच. कार्डशीटच्या तुकड्यावर मी फीच्या खाली मेसचा आकडा वेगळा लिहायला लावतो, तो याचसाठी.

आता थोडं इंजिनिअरिंग-मेडिकलच्या बाहेर. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांना सीयूईटी आली. दिल्ली विद्यापीठ, जेएनयू, हैदराबाद, बनारस यांची दारं आता या परीक्षेवर उघडतात, आणि ती मराठीतूनही देता येते. खोच एवढीच की कुठल्या विद्यापीठाच्या कुठल्या पदवीला कोणते विषय लागतात, ते अर्ज भरण्याआधी बघावं लागतं, कारण विषय अर्जातच निवडायचे असतात. आमच्याकडच्या कला शाखेच्या मुलांना हा रस्ता आहे हेच माहीत नसतं. अशा मुलांसाठी यवतमाळहून राजू केंद्रे यांनी सुरू केलेल्या 'एकलव्य'नं मोठं काम केलंय. घरातून पहिल्यांदा उच्च शिक्षणाला निघालेल्या मुलांना देशातल्या नावाजलेल्या संस्थांचे अर्ज, परीक्षा, मुलाखती यांसाठी तयार करायचं, आणि त्यांच्याआधी तिथं पोचलेल्यांनीच त्यांना हात द्यायचा. केंद्रे स्वतः बुलडाणा जिल्ह्यातल्या खेड्यातून टाटा सामाजिक विज्ञान संस्थेपर्यंत पोचलेले. त्या वाटेवरचे खड्डे कुठं आहेत, हे त्यांना नकाशा न बघता सांगता येतं.

काही विद्यापीठं स्वतःबद्दल लिहायला सांगतात. इथं आपली मुलं निबंधाच्या वहीत शिरतात. दोन वर्षांपूर्वी एक मुलगा असा अर्ज घेऊन आला. पहिलं वाक्य होतं की त्याला लहानपणापासून देशसेवेची आवड आहे. दुसऱ्या वाक्यात शिक्षण हे वाघिणीचं दूध होतं. पाचशे शब्द असेच. मी कागद उलटा ठेवला आणि विचारलं, "सकाळी किती वाजता उठतोस?"

"साडेचारला."

"अभ्यासाला?"

"नाही सर, डेअरीवर. मी फॅट काढतो."

मग तो अर्धा तास बोलत होता. पावसाळ्यात हिरवा चारा पोटभर मिळाला की दूध वाढतं, पण फॅट उतरतं. फॅट उतरलं की दर उतरतो. दर उतरला की माणसं मशीनवर संशय घेतात आणि मशीनच्या शेजारी बसलेल्यावर त्याहून जास्त. एका म्हाताऱ्यानं त्याला चोर म्हटलं. त्यानंतर त्यानं दोन वर्षं एका वहीत दहा घरांचं रोजचं फॅट लिहून ठेवलं, महिन्याची सरासरी काढली, आणि पुढच्या जुलैत म्हाताऱ्याला दाखवली. "पटलं का त्यांना?" "नाही सर. पण शिव्या बंद झाल्या."

मी म्हटलं, हे लिही. तो म्हणाला, "हे कसं लिहायचं सर, हे तर घरचं काम आहे." त्याला ते पटवायला दोन दिवस गेले. लिहिलं त्यानंच. मी फक्त तीन ठिकाणी 'म्हणजे काय?' असं पेन्सिलीनं लिहिलं. अशा मजकुरात मदत करणाऱ्यानं यापेक्षा जास्त केलं की वाक्यांतून मास्तर दिसायला लागतो, आणि मुलाखतीत मुलगा स्वतःचंच लिहिलेलं आठवत बसतो.

नेट कॅफेतली ती मुलगी आता त्याच तीस किलोमीटरवरच्या कॉलेजात आहे. चांगली शिकते आहे, तक्रार नाही. पहिल्या सत्राच्या सुट्टीत तिनं कुणाकडून तरी माझा नंबर मिळवला आणि भावाला घेऊन घरी आली. भाऊ अकरावीला. ओबीसीचा दाखला घरात दोघांचाही होता, पण व्हॅलिडिटी कुणाचीच नाही, त्यामुळं हिनं सगळी स्पर्धा खुल्यातून केलेली. तिनं मला एकदाही विचारलं नाही की त्या दिवशी तुम्ही तिथं होतात ना. मीही सांगितलं नाही. तिनं वही उघडली, वरती भावाचं नाव लिहिलं, खाली वंशावळ काढायला लागली. पणजोबांपाशी अडली. आजोबा शाळेत गेले होते की नाही, कुणालाच नक्की माहीत नव्हतं. मी म्हटलं, गावच्या शाळेत विचारा, १९६७ च्या आधीचं रजिस्टर असेल तर पान न पान बघा, फक्त नाव नाही, बापाचं नावही बघा.

पंधरा दिवसांनी सकाळी व्हॉट्सॲपवर फोटो आला. तपकिरी पडलेलं पान, बोरूनं लिहिल्यासारखी अक्षरं, सन १९५८, इयत्ता पहिली, आजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, पुढं जात. एका कोपऱ्याला वाळवीनं खाल्लेलं. खाली तिचा मेसेज होता: "सर, सापडलं! पण आडनावाच्या जागी गावाचं नाव लिहिलंय. चालेल का?"

मी चष्मा शोधला आणि फोटो मोठा करून बघायला लागलो.